चौथीतला बहिष्कार

तोगरवाडीच्या गुंडेरावांना भांडण मिटवायचं म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढायचं. बांधाचं असो, वाटणीचं असो, सासू-सुनेचं असो की म्हशीनं खाल्लेल्या पिकाचं असो, चावडीवर गुंडेरावांची सतरंजी पडली की निकाल लागलाच म्हणून समजा. बीदरच्या कोर्टात खेटे घालून चपला झिजवण्यापेक्षा गुंडेराव बरे, असं लोक म्हणत. लोक म्हणत नसले तेव्हा गुंडेराव स्वतः म्हणत. एकदा दिलेला शब्द त्यांनी जन्मात मागं घेतला नव्हता, आणि याचा त्यांना पिकापाण्यापेक्षा जास्त अभिमान होता.

त्यामुळं कमलनगरच्या रस्त्यावरच्या सिस्टरांच्या शाळेतून फोन आला तेव्हा ते घाबरले वगैरे अजिबात नाहीत. मुलगा शिवप्रसाद सोयाबीन घेऊन बीदरला गेला होता, सून माहेरी होती, म्हणून फोन यांनी घेतला. हेडमिस्ट्रेस सिस्टर बेनेडिक्टा मंगळूरकडच्या. मराठी सावकाश बोलायच्या, पण नेमकं बोलायच्या.

"मंजुश्रीनं वर्गातल्या एका मुलीला फार त्रास दिला आहे. त्या मुलीचे वडील म्हणतात, मंजुश्रीला शाळेतून काढा, नाहीतर मी माझ्या मुलीचा दाखला काढतो. मला दोघीही शाळेत पाहिजेत. उद्या आपण सगळे मिळून बसू."

"बसू" हा शब्द ऐकून गुंडेरावांची कळी खुलली. बसणं हा तर त्यांचा धंदा.

बायको चंद्रभागाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "तिथं जाऊन पंचायत करू नका. सिस्टर काय म्हणत्यात ते गप ऐकून घ्या."

"आता तू मला शिकवायलीस व्हय?" गुंडेराव म्हणाले आणि धुतलेलं धोतर शोधायला उठले.

नात मंजू तिथंच चुलीपाशी बसून गृहपाठ करत होती. तिला मात्र त्यांनी काही विचारलं नाही. चौथीतल्या पोरीला काय विचारायचं? मोठ्यांनी मोठ्यांशी बोलायचं, पोरांचं आपोआप मिटतं, असा त्यांचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी कमलनगरात उतरून त्यांनी एक शाल, एक नारळ आणि पेढ्याचा पुडा घेतला आणि शाळेच्या फाटकापाशी सावज हेरल्यासारखे उभे राहिले. सावज आलं. विजयेंद्र नाव, तालुक्याच्या कचेरीत नोकरीला, वर्षापूर्वी बीदरहून बदलून आलेला. अंगानं किडकिडीत आणि रागानं लाल झालेला.

"साहेब, आत जायच्या आधी दोन घोट चहा घेऊ," गुंडेराव म्हणाले.

"मला चहा नको. माझी मुलगी दोन-अडीच आठवडे झाले, डबा भरलेलाच परत आणते. शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं म्हणते. तुमच्या नातीनं काय केलंय, माहिती आहे का तुम्हाला?"

माहिती नव्हतं. पण माहिती नसणं गुंडेरावांना कधी आडवं आलं नव्हतं. त्यांनी विजयेंद्रला कोपराला धरून टपरीवर नेलं. गाव विचारलं, आईचं माहेर विचारलं, आणि चहा येईपर्यंत त्याची मावशी संतपूरला दिली आहे हे शोधून काढलं. संतपूरची मावशी म्हणजे गुंडेरावांच्या साडूच्या शेजारची. म्हणजे सोयरेच की! चहा संपला तेव्हा साहेबाच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता, आणि तोंडात, नको नको म्हणत असताना, पेढा होता. नाही म्हणायला त्या बिचाऱ्याला जागाच ठेवली नव्हती.

"मिटलं!" गुंडेराव म्हणाले.

मिटलं म्हणजे काय मिटलं हे दोघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. पण दोघं सोयरे होऊन आत गेले.

चौथीच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवली होती आणि मधे सतरंजी अंथरली होती. भिंतीवर येशूचं चित्र, त्याच्या शेजारी सतराचा पाढा. सिस्टर खाली बसल्या होत्या. वर्गशिक्षिका सुमतीबाई गुडघे सांभाळत खाली बसल्या होत्या. वर्गातल्या दोन पोरी होत्या, मंजू होती, आणि तिच्या बरोबर समोर, फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत, विजयेंद्रची प्रणिता होती. सगळे गोल करून बसलेले. गुंडेरावांनी सवयीनं वरची जागा शोधली. गोलाला वरची बाजू नसते, ही गोष्ट त्यांना पहिल्याच मिनिटाला खटकली.

"सिस्टर, तुम्हाला तकलीफ नको म्हणून आम्ही बाहेरच मिटवलं," ते उभ्यानंच म्हणाले. "साहेब आमचे सोयरेच निघाले."

"फार चांगलं झालं," सिस्टर म्हणाल्या. "तुमचं मिटलं. बसा. आता मुलींचं बघू."

गुंडेराव बसले. न बसून करतात काय?

सिस्टरांनी फळ्याचं डस्टर उचललं. "आमचा नियम सोपा आहे. डस्टर ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. इथं कुणाला शिक्षा होत नाही. काय झालं, कुणाला लागलं, आणि ते भरून कसं काढायचं, एवढंच बघायचं."

डस्टर आधी सुमतीबाईंकडं गेलं. त्या म्हणाल्या, "माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटायचं, प्रणिता हल्ली फार शहाणी झाली, गप्प बसते. परवा मी वर्गात म्हटलं, प्रणिताला कुणीतरी खोडरबर द्या. सगळ्या वर्गात एक हात हलला नाही. सगळी पोरं मंजुश्रीच्या तोंडाकडं बघायला लागली."

मग डस्टर प्रणिताकडं आलं. तिनं ते मांडीवर ठेवलं आणि त्याच्या कडेचा खडू नखानं खरवडत बसली. गुंडेरावांना राहवेना. "बोल बाळ, भिऊ नको," ते म्हणाले. सिस्टरांनी नुसतं डस्टरकडं बोट दाखवलं.

"मला आधी वाटलं माझा आवाजच कुणाला ऐकू येत नाही," प्रणिता म्हणाली. "मी विचारलं तर सगळे दुसरीकडं बघायचे. मी जवळ बसले की उठून जायचे. एकदा मी मैदानात मुद्दाम पडले. म्हटलं बघू, कुणी उठवतंय का." तिनं बापाकडं बघितलं. "कुणी आलं नाही. मग माझी मीच उठले."

विजयेंद्रनं मान खाली घातली. ही पडण्याची गोष्ट त्यालाही नवीन होती.

गुंडेरावांना वाईट वाटलं. खरोखर वाटलं. कसाही असला तरी तो माणूस दगड नव्हता. त्यांना वाटलं, झालं एवढं बास, आता आपल्या पोरीनं पाया पडावं आणि विषय संपवावा. "मंजू, ऊठ. पड पाया तिच्या. म्हण चुकलं."

"आजोबा," सिस्टर म्हणाल्या, "डस्टर."

डस्टर मंजूच्या हातात आलं. मंजू घाबरली नव्हती. रागावलेली होती, आणि तिचा राग अजून ताजा होता.

"येळवशीच्या दुसऱ्या दिवशी मी डबा आणलता," ती म्हणाली. "भज्जी आन् उंडे. आज्जीनं सगळ्या वर्गाला पुरंल एवढं बांधून दिलतं. सगळ्यांनी खाल्लं. हिनं डबा ढकलला. आसा. नाक मुरडून."

येळवस म्हणजे या भागातला शेताचा सण. कडब्याची कोप म्हणजे खोप करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि बांधावरून जाणाऱ्या ओळखी-अनोळखी सगळ्यांना हाका मारून शेंगा-पालेभाज्यांची आंबटसर भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील वाढायची. त्या दिवशी वैऱ्यालासुद्धा उपाशी जाऊ देत नाहीत, आणि पोट भरलेला माणूसही दोन घास खाल्ल्याशिवाय पुढं सरकत नाही. येळवशीचं ताट ढकलणं म्हणजे वाढणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. गुंडेरावांना नातीचा राग पटला. मान डोलवावीशीही वाटली.

"मग तू काय केलंस?" सिस्टरांनी विचारलं.

"वाळीत टाकली."

"म्हणजे कसं? आम्हाला नीट सांग."

"आबा करत्यात तसंच," मंजू म्हणाली. "आधी मधल्या सुट्टीत चौघीजणींना बोलावलं. हिला न्हाई बोलावलं. मग ठरवलं, हिच्याशी कुणी बोलायचं न्हाई, हिच्याजवळ बसायचं न्हाई, हिच्या डब्यातलं घ्यायचं न्हाई. जी बोलंल तिनं मूठभर बोरं दंड द्यायची. मग सगळ्यांना सांगितलं. बसलिंगप्पा आजोबाला केलं तसं."

आणि तिनं आबांकडं बघितलं. पाठ केलेली कविता न चुकता म्हणून झाल्यावर पोरं शाबासकीसाठी बघतात, तसं.

वर्गातल्या सगळ्यांनी गुंडेरावांकडं बघितलं. आडात असतं तेच पोहऱ्यात येतं, हे त्यांनी आजवर चावडीवर दुसऱ्यांच्या पोरांबद्दल कितीदा म्हटलं होतं.

"बसलिंगप्पा आजोबा कोण?" सिस्टर मंजूलाच विचारत होत्या.

"आमच्या गावचे. आबांचे दोस्त होते. त्यांनी पाणंद नांगरली म्हणून आबांनी सांगितलं, त्यांच्याशी कुणी बोलायचं न्हाई. येळवशीला त्यांच्या कोपीवर एक माणूस गेला न्हाई. निलम्मा आज्जी भज्जीचं भगुनं भरलेलं तसंच डोक्यावर घेऊन घरी जायलती. मी बघितलं."

पाणंद म्हणजे शेतात जायची गावची गाडीवाट. गुंडेरावांनी डस्टरसाठी हात पुढं केला. मागून घ्यावं लागलं, याचीही त्यांना लाज वाटली.

"ते येगळं हाय," ते म्हणाले. "तो न्याव होता. त्यानं गावच्या वाटंत नांगर घातला. चावडीवर बोलावलं तर आला न्हाई. मग गावानं काय करायचं?"

"आणि आता वाट मोकळी झाली?" सिस्टरांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. बाईला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

गुंडेरावांनी डस्टर या हातातून त्या हातात घेतलं. पांढऱ्या धोतरावर खडूचे पट्टे उमटले. पावसाळ्यापासून बहिष्कार चालू होता, आणि बैलगाड्या अजून शेजारच्या चनमल्लप्पाच्या शेताला वळसा घालून जात होत्या.

"न्हाई," ते म्हणाले. "अजून तशीच हाय."

त्यांनी डस्टर प्रणिताकडं सरकवलं. तिला बोलायचंच होतं.

"मी नाक मुरडलं नव्हतं," ती मंजूला म्हणाली. "मला उलट्या व्हायल्या होत्या. डॉक्टरनं तेलकट, आंबट सगळं बंद केलं होतं. वासानंच मळमळलं. मी सांगणार होते, तेवढ्यात तुम्ही सगळ्या उठून गेलात."

डस्टर नसताना मंजू ओरडली, "मग नंतर सांगितलं कामून न्हाईस?"

"कुणाला सांगू? तू बोलू देत होतीस का?"

यावेळी सिस्टरांनी नियमाची आठवण करून दिली नाही. मंजूला रडू फुटलं. दोन-अडीच आठवडे जपून ठेवलेला राग खोटा निघाला, आता त्याचं करायचं काय हे त्या पोरीला कळेना. बाजूच्या दोघीही मुसमुसायला लागल्या. बोरांचा दंड ठरवताना त्याही होत्या.

सिस्टरांनी सगळ्यांचं रडणं होऊ दिलं. मग प्रणिताला विचारलं, "हे भरून निघायला काय व्हायला पाहिजे? तू सांग."

"तिनं सगळ्यांना सांगून चालू केलं," प्रणिता म्हणाली. "मग सगळ्यांसमोर बंद करायचं. उद्या प्रार्थनेला. स्वतः."

मंजूनं मान हलवली. प्रणिताचं समाधान झालेलं दिसलं नाही. तिनं डस्टर सोडलं नव्हतं. "पण ती परत करणार नाही कशावरून?" ती सिस्टरांना म्हणाली. "तिच्या घरी तर अजून तेच चालू आहे."

विजयेंद्रनं खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घातली आणि गुंडेरावांच्या समोर सतरंजीवर ठेवली. "आजोबा, राग मानू नका. बाहेर आपण जे मिटवलं, त्यात माझ्या मुलीचं नावसुद्धा नव्हतं. उद्या प्रार्थनेला मी येतो. तुमची मंजुश्री काय बोलते, कशी बोलते ते ऐकतो. मग दाखला काढायचा की नाही ते बघू."

जाता जाता दारात गुंडेरावांनी सिस्टरांना गाठलंच. हार मानायचा स्वभाव नव्हता. "तुमच्यात बरंय सिस्टर. आत जाऊन फादरच्या कानात सांगितलं की सुटका. आमच्यात असं न्हाई."

सिस्टर हसल्या. "सगळ्यांना तसंच वाटतं. पण फादर आधी विचारतात, ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडं जाऊन आलास का? नसशील तर जा. नुसतं देवाला सांगून ते भरत नाही."

परतीच्या जीपमध्ये गुंडेराव सगळ्यांवर चिडून बसले होते. आधी सिस्टरांवर, मग त्या डस्टरवर, मग कचेरीतल्या त्या काडीपैलवानावर, मग शाळेत काय सांगावं याची अक्कल नसलेल्या नातीवर. जीप प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि एकेक राग उतरून जात होता. तोगरवाडी जवळ आली तेव्हा चिडायला दुसरं कुणी शिल्लक राहिलं नव्हतं. मैदानात पडून राहिलेली पोरगी तेवढी डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"आबा," मंजू म्हणाली, "बसलिंगप्पा आजोबा चावडीवर कामून आले न्हाईत, हे तुम्ही इचारलतं का?"

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पण फाट्यावर उतरल्यावर घराकडं न वळता ते उलट्या बाजूला चालायला लागले. मंजू दप्तर सावरत मागं.

बसलिंगप्पा गोठ्यात म्हशीपुढं कडबा टाकत होता. त्यानं बघितलं आणि पाठ फिरवली. ओट्यावर निलम्मा तूर पाखडत होती, तिचं सूप हातातच थांबलं. या घरात इतक्या महिन्यांत गावातलं माणूस आलं नव्हतं, आणि आलं ते हे.

"बसलिंग," गुंडेराव म्हणाले, "तू त्या दिशी चावडीवर कामून आला न्हाईस?"

बसलिंगप्पानं उरलेला कडबा टाकला. हात झटकले. "आता इचारायलास?"

"व्हय. आता इचारायलोय."

"मग ऐक. आपण दोघं एका बाजेवर बसून मोठे झालोत. तू सतरंजीवर लोडाला टेकून बसणार, आन् मी तुझ्यासमोर हात जोडून उभा ऱ्हायचं? मेलो असतो, पण आलो नसतो. वाट नांगरली ती माझी चूकच हाय. पण तू इथं, ह्या गोठ्यात येऊन, बसलिंग, वाट सोड म्हणला असतास, तर दुसऱ्या दिशी सोडली असती. तू निरोप धाडलास. कोतवालाकडून." त्यानं ओट्यावरच्या बायकोकडं हात केला. "हिचा भाऊ वारला, तवा रडायला बी गावातली एक बाई आली न्हाई. तुझी चंद्रभागा बी न्हाई आली."

चंद्रभागा आली नव्हती, कारण गुंडेरावांनी तिला दारातून परत आत पाठवलं होतं. ते त्यांना आठवलं. निलम्मानं पदर तोंडाला लावला होता. हे दोन शब्द त्यांनी आजवर शेकडो लोकांच्या तोंडून वदवून घेतले होते, पण स्वतःच्या तोंडातून बाहेर काढायचे म्हणजे किती जड असतात याची कल्पना त्यांना नव्हती.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

बसलिंगप्पानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाला, "हितं गोठ्यात म्हशीला सांगून काय करायलास गुंडू? चावडीवर बोललतास. चावडीवर सांग. वाट मी उद्या मोकळी करतो, तू काय बी केलंस तरी."

आजोबा आणि नात बाहेर पडले. दिवस कलला होता. चावडीवर नेहमीची मंडळी जमली होती, कुणी मोबाईल बघत होतं, कुणी तुरीच्या भावावर वाद घालत होतं. गुंडेरावांची पावलं मंदावली. उद्या सकाळी सांगता येईल, असं मनात आलं. दोघा-तिघांना घरी बोलावून हळूच सांगता येईल, असंही आलं. शब्द मागं घेणाऱ्या पंचाला गावात कोण विचारतं? उद्यापासून बांधाच्या भांडणात पोरंटोरं तोंडावर म्हणतील, आधी तुमचं बघा. आयुष्यभर कमावलेली एकच गोष्ट होती, ती त्या पायऱ्यांवर ठेवून खाली उतरायचं होतं.

"आबा," मंजूनं त्यांचं बोट धरलं. "मला भ्या वाटायलंय. उद्या समदी शाळा आसंल. मला बोलताच आलं न्हाई तर?"

गुंडेरावांनी तिच्याकडं बघितलं. मग चावडीकडं बघितलं. लोकांनी त्यांना पाहून सवयीप्रमाणं सतरंजी सरकवली होती आणि लोड लावला होता.

"मग आज मला बघ," ते म्हणाले.

आणि पायऱ्या चढून, सतरंजी सोडून, ते सगळ्यांच्या समोर हात जोडून उभे राहिले.